बांधावरचं माणूस

पुणे, १२ जानेवारी २०२५

प्रिय आक्का,

हे पत्र फाडायच्या आधी पाकिटात नीट बघ. प्रतीक्षा तुझ्या कडेवर आहे तो फोटो ठेवलाय. तो आधी काढून घे आणि मग खुशाल फाड.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. दाजींना फोन केला की नऊ वर्षं एकच उत्तर मिळतं, "ती जरा पलीकडं गेलीय." मळवलीत असं काय पलीकडे आहे, जिथे गेलेली बाई नऊ वर्षं परत येत नाही, ते एकदा दाजींना विचारायचंय. म्हणून आता पोस्टाने लिहिते आहे. पोस्टमन पत्र बंगल्याच्या फाटकात टाकतो आणि बंगल्याची राखण तुम्हा दोघांकडे, तेव्हा हे तुझ्याच हातात पडणार. मालकांच्या टपालात मिसळू नकोस म्हणजे झालं.

प्रतीक्षाने मला सगळं सांगितलं. तिला बोलू नकोस. आईला दुखणं झालं की मुलगी मावशीला फोन करणारच, त्यात तिचा काही गुन्हा नाही. गळ्यातली आणि काखेतली गाठ, तळेगावच्या सहा केमो, मग पाच महिने बरे गेले आणि दिवाळीनंतर गाठी परत आल्या. रिपोर्टही तिने पाठवले. मी ते वाचले. पहिल्यांदा बहीण म्हणून वाचले, तेव्हा काही कळलं नाही. मग उठून तोंड धुतलं आणि डॉक्टर म्हणून वाचले.

आक्का, हा लिंफोमा आहे आणि पुन्हा त्याच केमोने तो हटणार नाही. तळेगावच्या डॉक्टरांनी तुला आमच्या रुग्णालयातल्या पेशींच्या उपचाराचं सांगितलं ते योग्य सांगितलं. त्यावर तू म्हणालीस, "तिच्या दवाखान्यात मी मेले तरी जानार न्हाई." मेल्यावर येऊन तसा उपयोगही नाही.

आता ऐक. तू माझी सख्खी बहीण आहेस, म्हणून नियमाप्रमाणे तुझ्या उपचारात माझा हात लागणार नाही. तुझ्या डॉक्टर यशोधराबाई. पेशी वाढवणार माझा सहकारी समर्थ. मी तिथे असून नसल्यासारखी. उपचार चाचणीतला आहे, त्यामुळे खर्चाचं मनात आणू नकोस. तू माझ्या दवाखान्यात येतच नाहीस, यशोधराबाईंच्या दवाखान्यात येतेस. एवढं मनाला समजावलंस तरी चालेल. माझ्याशी बोलायची अट नाही.

उपचार न घेतलास तर काय होईल ते मी लिहिणार नाही. तुला ते कळतं.

तुझी,
राजी

&nbsp;

पुणे, २ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

पत्र फाडलं नाहीस असं कळलं. फोटो ट्रंकेत गेला आणि पत्र पिठाच्या डब्यामागे. प्रतीक्षा म्हणाली, "आईने दोनदा वाचलं आणि म्हणाली, हिचं अक्षर बिघडलं." बिघडलंय खरं. वीस वर्षं पेशींच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून दुसरं काय होणार?

तुझा प्रश्नही पोचला. "माज्याच अंगातलं काढून मलाच परत देनार, मग त्यात आवशद काय?" आक्का, हा प्रश्न मला परदेशात पहिल्या दिवशी माझ्या सरांनी विचारला होता आणि मला उत्तर आलं नव्हतं. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईने तो एका दमात विचारला. आईने तुला शाळेतून काढायला नको होतं. मला काढायला हवं होतं, मी तशीही गणितात कच्ची होते.

उत्तर सांगते. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. बाहेरचं कुणी आत शिरलं की त्या त्याला धरतात. पण तुझ्या गाठीतल्या पेशी घरच्याच आहेत, घरचेच कपडे घालून फिरतात, म्हणून राखणदार त्यांना हटकत नाहीत. आम्ही काय करतो, तुझे थोडे राखणदार बाहेर काढतो, त्या चोरांच्या अंगावरची एक खूण ओळखायला शिकवतो, संख्येने वाढवतो आणि परत तुझ्या अंगात सोडतो. माणसं तुझीच, फक्त शिकवून आणलेली.

तुला भाताच्या भाषेत सांगू? रोप एका जागी वाढवायचं आणि मग उपटून खाचरात लावायचं, तसंच हे. पण रोपाआधी काय लागतं? राब. शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळ पसरून, वर माती टाकून आपण जमीन भाजतो. तण जळतं, जागा मोकळी होते, मग रोप तरारतं. इथेही पेशी सोडायच्या आधी तीन दिवस तुला औषध देऊन जागा मोकळी करतात. तो राब समज. त्यानंतर पेशी सोडल्या की ताप येईल. ताप आला तर घाबरू नकोस. राब पेटल्याची ती खूण आहे, म्हणजे पेशी कामाला लागल्या.

हे लिहून झाल्यावर मी खुर्चीत मागे रेलून स्वतःवर खूश झाले. रुग्णांसाठी आमची मराठी माहितीपुस्तिका आहे. ती वाचून डॉक्टरांनाच झोप लागते. त्यात हा परिच्छेद जसाच्या तसा टाकते आहे. बघ, मावळातली म्हणून मला काहीतरी येतं.

ये ग.

राजी

&nbsp;

पुणे, ९ मार्च

प्रिय आक्का,

तू आलीस.

पेशी काढायच्या मशीनला चार तास बसलीस, एका हातातून रक्त जातंय, दुसऱ्या हातात परत येतंय, आणि तू दाजींना सांगत होतीस की बंगल्याच्या टाकीचा कॉक बंद केला का बघा. मी काचेपलीकडे उभी होते. तू मला पाहिलंस. पाहिलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र आहे, ते तू चार तास बघितलंस. आता आमच्या रुग्णालयात तुझ्याइतके स्वच्छ हात कुणी धुणार नाही.

केस पांढरे झालेत तुझे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू आणलेली इंद्रायणी तांदळाची पिशवी सिस्टर अल्फियाला दिलीस. "माज्या लेकीवानी दिसतीस," म्हणालीस तिला. अल्फिया वडगावची, तिला सगळा मामला दहा मिनिटांत कळला. संध्याकाळी तिने अर्धा तांदूळ मला आणून दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्यासाठीच होता. माझं नुसतं नाव पुढे केलं." मी घरी जाऊन भात लावला. वासाने आमच्या सोसायटीतली शेजारीण विचारायला आली. तो भात मी नुसता, मीठ घालून खाल्ला.

आज तुझ्या पेशींचा अकरावा दिवस. मला हात लावायची परवानगी नाही, पण खोलीबाहेर उभं राहायला कुणाची बंदी नाही. मी रोज सकाळी समर्थला विचारते, "जेवल्या का?" दर दोन दिवसांनी त्यांना ताजं खाद्य द्यावं लागतं. तो म्हणतो, "मॅडम, या पेशी फार हट्टी आहेत, दुप्पट वेगाने वाढतायत." मी म्हटलं, मला माहितेय कुणाच्या आहेत.

पेशींच्या जेवणाचं निघालं आहे तर एक गोष्ट कबूल करते. नऊ वर्षं पोटात ठेवली.

आई गेली तेव्हा मी परदेशात होते आणि तू फोनवर म्हणालीस, "आयपरीस तुज्या बाटलीतल्या किड्यान्ला लय भूक लागली व्हय?" मी तुला सांगितलं होतं की इथे एका रुग्णाच्या पेशी आहेत, चार दिवसांनी द्यायच्यात, मी निघाले तर तो जाईल. आक्का, रुग्ण कुणी नव्हता. त्या पेशी उंदरांना द्यायच्या होत्या. तीन महिन्यांचं काम होतं, त्यावर माझी पुढची नोकरी होती, आणि मला वाटलं की आई तर गेलीच, आता गेले काय आणि न गेले काय. मी थांबले. तिसऱ्या दिवशी बाटल्यांत बुरशी आली आणि सगळं फेकावं लागलं. म्हणजे आईच्या दहाव्याला मी तिकडे रिकाम्या हाताने बसले होते. तिकीट काढलं असतं तर पोचले असते.

ते सांगायची लाज वाटली म्हणून आले नाही. मग आले नाही म्हणून लाज वाटली. अशी नऊ वर्षं गेली.

आता हे पत्र फाडलंस तरी चालेल. पण वीस तारखेला पेशी घ्यायला ये.

राजी

&nbsp;

पुणे, २५ मार्च

प्रिय आक्का,

हे पत्र अल्फियाच्या हाती देते आहे, वॉर्डात पोस्टमन येत नाही.

पेशींची पिशवी चढवली तेव्हा खोलीभर शिजवलेल्या मक्याचा वास सुटला आणि तू म्हणालीस, "लोनावळ्याच्या गाडीवर आल्यासारकं वाटतंय, कनसाला मीठ-लिंबू लावा." यशोधरा अजून हसते आहे. तो वास पेशी गोठवायच्या द्रवाचा असतो, पण तिच्या आयुष्यात कुणी लिंबू मागितलं नव्हतं.

तर आता त्या वाक्याकडे येते.

या पेशींमुळे कधी कधी मेंदूला सूज येते आणि ती सगळ्यात आधी हस्ताक्षरात दिसते. म्हणून प्रत्येक रुग्णाला रोज कागदावर एक वाक्य लिहायला सांगतात, रोज तेच, म्हणजे कालच्या अक्षराशी आजचं ताडून बघता येतं. वाक्य रुग्णाने स्वतः निवडायचं. लोक लिहितात "आज हवा छान आहे". एक गुरुजी रोज श्लोक लिहायचे.

तू काय निवडलंस? "माझ्या धाकट्या बहिणीला भाकरी थापता येत नाही."

आक्का, हे वाक्य पाच दिवस तुझ्या फायलीत आहे. रोजच्या बैठकीत पडद्यावर मोठं करून दाखवतात. वीस डॉक्टर ते गंभीर चेहऱ्याने बघतात आणि ठरवतात की पेशंटची बुद्धी शाबूत आहे. काल एक शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "आशय बरोबर असल्याची खात्री करून घ्यावी का?"

हसून घे. मी पण हसले. घरी गेल्यावर रडले, कारण नऊ वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ आहे. रोज सकाळी बैठकीला मी दहा मिनिटं आधी जाऊन बसते. अक्षर तुझं अजून तसंच आहे, भ जरा पोटाळा आणि वेलांटी लांबच लांब.

रविवारी पाडवा आहे. सगळं असंच राहिलं तर त्या दिवशी तुला वॉर्डातून सोडतील. घरी नाही, शेजारच्या रुग्णनिवासात दोन आठवडे राहायचं. मी माझ्या घरी ये म्हणणार नाही, तू नाही म्हणशील आणि मग मला दुसरं वाक्य वाचावं लागेल. दाजी सोबत राहतील, प्रतीक्षा हॉटेलातल्या नोकरीला सुट्टी असेल त्या दिवशी येईल. एक वही मिळेल. दिवसातून तीन वेळा ताप बघून त्यात लिहायचा, रोज सकाळी ते वाक्य लिहून दाजींच्या हाती पाठवायचं आणि गुरुवारी तपासणीला यायचं. एवढं कर.

राजी

&nbsp;

पुणे, ८ एप्रिल

आक्का,

तू काल अतिदक्षता विभागातून बाहेर आलीस. यशोधरा म्हणाली धोका टळला. म्हणून आज लिहायचं धाडस करते आहे.

तुला त्या दिवसाचं काही आठवत नाही असं दाजी म्हणाले, म्हणून जे झालं ते सांगते. गुरुवारी, तीन तारखेला सकाळी तू तपासणीला आलीस. वही दाखवलीस. पाडव्यापासून दर वेळी एकच आकडा, ९८.४. सकाळी ९८.४, दुपारी ९८.४, संध्याकाळी ९८.४. अल्फियाने तुझ्यापुढे कागद ठेवला. तू लिहिलंस, "माझ्या धाकट्या बहिणीला बहिणीला बहिणीला बहि", आणि ओळ खाली घसरत कागदाबाहेर गेली. अल्फियाने तुझा हात धरला तर तो तापलेल्या तव्यासारखा होता. एकशेचार ताप. तुला तुझं नाव सांगता आलं नाही.

तो कागद त्या दिवशीच्या बैठकीत पडद्यावर आला. मी उठून बाहेर गेले.

औषध वेळेवर मिळालं, पण आणखी अर्धा दिवस गेला असता तर मिळूनही उपयोग नव्हता. आणि आम्हा कुणालाच कळेना की असं का झालं. दाजी रडत म्हणाले, "मला बिनचष्म्याचा आकडा दिसत न्हाई, ती सांगायची ते बरोबर म्हनायचो." प्रतीक्षा म्हणाली, आई कधी खोटं बोलत नाही. मग रविवारी तू शुद्धीवर आलीस आणि यशोधराने विचारलं, मावशी, ताप का नाही सांगितला? मी दाराबाहेर होते. तू म्हणालीस,

"राब मधीच इझवत्यात व्हय? अर्धा भाजलेला राब मंजे निम्मं तन. राजीनं लिव्हलंवतं, ताप आला मंजे राब पेटला. म्हनलं सांगितलं तर ह्या पोरी गोळी दिऊन इझवतील."

आक्का, चूक तुझी नाही. तू माझं पत्र वाचलंस आणि त्यातल्या अक्षरन् अक्षराप्रमाणे वागलीस. नऊ वर्षं माझं तोंड बघितलं नाहीस आणि तरी माझ्या शब्दावर तीन दिवस अंगात आग घेऊन बसलीस. मी इतकी वर्षं शिकले, परिषदांत बोलले, लेख लिहिले, आणि स्वतःच्या बहिणीला एक गोष्ट धड समजावून सांगता आली नाही. राब म्हणजे आधीची केमो, एवढंच म्हणायचं होतं. लिहिण्याच्या नादात मी तापालाही राब करून बसले, कारण वाक्य छान दिसलं. ताप येतो हे खरं, पण तो आल्या क्षणी सांगायचा असतो, हे मी लिहिलंच नाही. मला ते इतकं ठाऊक होतं की लिहायचं सुचलं नाही.

पुस्तिकेतला परिच्छेद मी त्याच दिवशी काढून टाकला. छापायला गेली नव्हती, हे नशीब.

आता जे कधी सांगितलं नाही ते सगळंच सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी मी परदेशातून परत आले, त्या पहिल्याच रविवारी लोकलने मळवलीला उतरले होते. चालत बंगल्याच्या फाटकापर्यंत आले. तू दोरीवर चादरी वाळत घालत होतीस आणि कुणाला तरी हाका मारून शिव्या घालत होतीस, बहुतेक कोंबडीला. मी फाटकाच्या कडीला हात लावला आणि परत फिरले. परतीची गाडी दीड तासाने होती. स्टेशनच्या बाकावर बसून राहिले, की तू बाजारात जायला निघशील आणि दिसशील. तू आली नाहीस.

लवकर बरी हो. वाक्य बदलू नकोस. मला तेच बघायचंय, पूर्ण.

राजी

&nbsp;

पुणे, ७ मे

प्रिय आक्का,

सोमवारी दुपारी तुझं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव "डॉ. राजेश्वरी" असं सरकारी थाटात होतं, म्हणून आधी वाटलं कसली तरी नोटीस आली. मग वेलांटी दिसली.

मी दार लावून ते उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. तुझे शब्द इथे उतरवून काढते, कारण मूळ कागद मी तिजोरीत ठेवणार आहे आणि हे पत्र तू पिठाच्या डब्यामागे ठेवशील, म्हणजे दोन्हीकडे एकेक प्रत राहील.

"राजे, तुजी समदी पत्रं पावली. उंदराचं वाचून लय राग आला, मंग हसू आलं. आयला उंदराचं लय भ्या वाटायचं, ती म्हनली असती बरं झालं आली न्हाईस, यिताना येकादा आनला असतास. गाठी गेल्या आसं यशोधराबाई बोलल्या. फोटूत काय बी दिसत न्हाई म्हनं. मी म्हनलं मंग फोटू तरी कशाला काढला.

"दाजीन्ला खोटं बोलता यीत न्हाई. मी सुदीवर आल्यावर म्हनलं, भाईर कोन हाय, तर म्हनले कुनी न्हाई. आल्फियानं सांगितलं चार दिस बाकावर कोन बसलंवतं ते. दाजीन्नी तुला चा पाजला का न्हाई ते लिव.

"आता राबाचं. तू लिव्हलंस ते खरं हाय पन अर्धंच हाय. तुला कसं ठावं असंल? राब पेटवायच्या दिशी आय तुला शाळंला धाडायची, म्हनायची धुरानं पोरीचं डोळं जातील. बांधावर मी बसायची, निरगुडीची वली फांदी घिऊन. आग बांध वलांडाया लागली का झोडपायची. राब मधी इझवायचा नसतो, पन मोकळा बी सोडायचा नसतो. त्याला बांधावर मानूस लागतं. ते तू लिव्हलं न्हाईस कारन तू कवा बसली न्हाईस. तुज्या वाटचं मीच बसायची. ह्यात तुजी चूक न्हाई, आमीच बसू दिलं न्हाई. माजी चूक आशी का मला हे ठावं आसून मी दवाखान्यात आग पेटवून येकटीच बसले, कुनाला बांधावर बसिवलं न्हाई.

"येत्या ऐतवारी आपला राब भाजायचाय. मला डागदरांनी धुरात जायाला बंदी क्येलीय. दाजी येकटं हायेत. बांधावर मानूस पायजे. बगा."

एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

आक्का, "बगा" असं लिहिलंस, मला अहो-जाहो घातलंस. रागाने की लाजेने ते मी विचारणार नाही.

दाजींनी चहा पाजला. चार दिवसांत एकवीस कप. बिस्किटंही आणली. एकदा म्हणाले, "तिला सांगू नका मी तुमच्याशी बोललो." मग तुमच्या लग्नापासूनच्या सगळ्या तुझ्या तक्रारी सांगितल्या. त्या समोर आल्यावर सांगेन.

पुस्तिकेत परिच्छेद परत घातला आहे. या वेळी तो तुझा आहे. "उपचार सुरू झाला की रुग्णाजवळ एक माणूस चोवीस तास हवं. राब भाजताना बांधावर माणूस बसतं, तसं. ताप त्या माणसाने स्वतः बघायचा, वहीत स्वतः लिहायचा आणि शंभर झाला की लगेच फोन करायचा. आग विझवण्यासाठी नाही, ती बांध ओलांडू नये म्हणून." समितीपुढे मी वाचून दाखवलं. एका सदस्याने विचारलं की हे कोणत्या तज्ज्ञाने सुचवलं. मी तुझं नाव सांगितलं, मळवली, तालुका मावळ, शिक्षण सातवी. त्यांनी ते नोंदवून घेतलं. आता यापुढे जो कुणी आमच्याकडे येईल, त्याच्या बांधावर माणूस असेल आणि ते तू बसवलेलं असेल.

हे पत्र पोस्टात टाकलं तर त्याच्या आधी मीच पोचेन, म्हणून प्रतीक्षाच्या हाती पाठवते.

रविवारी इथे एका बाईंच्या पेशींना खाद्य द्यायचा दिवस आहे. ते काम मी समर्थला सांगितलं. तो चकित झाला, म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधीच रविवार सोडत नाही, काय झालं?" मी म्हटलं, आमच्याकडे राब भाजायचाय, बांधावर माणूस कमी आहे. तो बरं म्हणाला आणि वहीत त्याचं नाव लिहून मोकळा झाला. इतकं सोपं होतं ते. पेशींना त्याच्या हातचं चालतं. नऊ वर्षांपूर्वीही कुणाच्या तरी हातचं चाललं असतं, आक्का.

सकाळच्या पहिल्या लोकलने येते. निरगुडी मला ओळखता येईल की नाही शंका आहे, दाजींना दाखवायला सांग. तू घरात बस, दार-खिडक्या लावून, आणि खिडकीतून सूचना देऊ नकोस, दिल्याशिवाय तू राहणार नाहीस हे मला माहीत आहे.

भाकरी मात्र तूच करून ठेव.

तुझी,
राजी